मुलांचा विश्वास कोणाचा?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या मंडळीच्या शब्बाथ शाळेत दहा-अकरा वर्षांच्या मुलांचा वर्ग आमच्याकडे होता. वर्गातील एका मुलाची आजी आजारी पडली. तो दर रविवारी हात वर करून सांगे, "सर, आजीसाठी प्रार्थना करा." आम्ही सर्व मुलांना उभे करून प्रार्थना करीत असू. प्रभू आपल्या लेकरांचे ऐकतो, हे वाक्यही आम्ही प्रत्येक वेळी सांगत असू. सहाव्या की सातव्या आठवड्यात आजी वारली.

पुढच्या रविवारी तो वर्गात आला आणि सर्वांसमक्ष त्याने विचारले, "सर, आपण एवढी प्रार्थना केली, तरी आजी का गेली?" आम्ही तयार असलेले उत्तर देऊन टाकले. आम्ही म्हणालो, "बाळ, देवाची तुझ्या आजीवर फार प्रीती होती, म्हणून त्याने तिला आपल्याकडे बोलावून घेतले." मुलाने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "मग मी आईसाठी प्रार्थना करणार नाही. देवाची तिच्यावर पण प्रीती बसली तर?"

वर्गात दोघे-तिघे हसले. आम्ही घंटा वाजवली आणि सोनेरी वचन म्हणावयास सांगितले. त्या दिवसापासून तो मुलगा वर्गात मोठ्याने प्रार्थना करीनासा झाला. वचने मात्र तो बिनचूक म्हणत असे, आणि नाताळच्या कार्यक्रमात त्याला पाठांतराचे बक्षीसही मिळाले. बक्षीस देण्यास आम्हीच उभे होतो.

प्रिय वाचकहो, हा प्रसंग सांगण्यास आम्हांस संकोच वाटतो. परंतु ज्या प्रश्नाचा आज आपण विचार करणार आहोत तो याच प्रसंगाने आमच्यापुढे आणून उभा केला. आपण आपल्या मुलांस विश्वास देतो म्हणजे नेमके काय देतो? तो विश्वास त्यांचा असतो, की आपलाच असतो आणि त्यांच्या तोंडून आपणांस ऐकू येतो? आणि तो त्यांचा व्हावा म्हणून त्यांच्या मनावर किती जोर लावण्याचा आपल्याला अधिकार आहे?

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर अलीकडे आपल्या शिकलेल्या कुटुंबांतूनही ऐकू येते: "मुलांवर काही लादू नये. मोठी झाली की त्यांची ती ठरवतील." हे ऐकावयास मोठे उदार वाटते. परंतु असे म्हणणारे आईबाप मुलाला मराठी बोलावयास शिकवताना त्याची परवानगी घेत नाहीत. खोटे बोलू नये, पाहुणा आला तर पाणी द्यावे, हेही त्याला विचारून शिकवीत नाहीत. कोणतेच मूल रिकाम्या घरात वाढत नाही. ज्या घरात देवाचे नाव कधीच निघत नाही, त्या घरातले मूलही एक धडा शिकते. तो असा की, देव ही गोष्ट जेवणाच्या ताटाशी आणि महिन्याच्या खर्चाशी संबंध नसलेली आहे. गप्प राहणे हेही शिकवणेच होय.

दुसरे उत्तर आपल्या मंडळ्यांत अधिक चालते: "लहानपणीच भरून द्या. ओल्या मातीला हवा तो आकार येतो." म्हणून आपण वचने पाठ करून घेतो, हजेरीला तारे चिकटवतो, बक्षिसे देतो, आणि कधी कधी नरकाची भीतीही घालतो. यात सर्वच वाईट आहे असे नाही. लहानपणी पाठ केलेले वचन चाळीस वर्षांनी इस्पितळाच्या खाटेवर आठवून माणसाला धीर आलेला आम्ही पाहिला आहे. परंतु माती आणि मूल यांत एक मोठा भेद आहे. माती कुंभाराला प्रश्न विचारीत नाही, मूल विचारते. त्याच्या प्रश्नाला जागा नसेल तर ते आपणांस हवा तो आकार बाहेरून घेते आणि आत वेगळेच राहते. आमच्या वर्गातील त्या मुलाचे तेच झाले.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मराठी मंडळ्यांत या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. बेळगावचे मूल इंग्रजी किंवा कन्नड शाळेत जाते, वडोदऱ्याचे गुजराती किंवा इंग्रजी, इंदूर-ग्वाल्हेरचे हिंदी, हैदराबादचे तेलुगू किंवा इंग्रजी. घरी ते मराठी बोलते, पण पुष्कळदा वाचत नाही. आई सोनेरी वचन इंग्रजी अक्षरांत वहीवर उतरून देते आणि मूल ते पोपटासारखे म्हणते. 'तारण', 'कृपा', 'नीतिमान' हे शब्द त्याला ठाऊक असतात ते केवळ आवाज म्हणून. आपण खूश होतो; मंडळीत मराठी टिकली आणि वचनही टिकले असे आपणांस वाटते. पण रात्री दिवा मालवल्यावर ते मूल देवाशी कोणत्या भाषेत बोलते, किंवा बोलते की नाही, हे आपल्यापैकी कितींनी कधी विचारले आहे?

या बाबतीत आपल्या आधीच्या लोकांनी काही कमी विचार केलेला नाही. इंग्लंडात ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स यांनी १७८० साली गरिबांच्या मुलांसाठी रविवारची शाळा काढली, तेव्हा आठवडाभर कामावर राबणाऱ्या त्या मुलांना वाचावयास शिकवणे हे तिचे एक मुख्य काम होते. मुलाने शास्त्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे, ही इच्छा शब्बाथ शाळेच्या मुळाशी आहे. दुसऱ्याने सांगितलेले केवळ म्हणून दाखवावे, एवढ्यासाठी ती निघाली नव्हती.

पुढे अमेरिकेत होरेस बुशनेल नावाच्या पाळकांनी १८४७ साली ख्रिस्ती संगोपनावर पुस्तक लिहिले. त्या काळी मूल म्हणजे पापी जीव, त्याचे एक दिवस मोठे परिवर्तन व्हावयाचे आणि तोवर त्याने बाहेर उभे राहावयाचे, असे पुष्कळांचे मत होते. बुशनेल यांनी म्हटले की, ख्रिस्ती घरात मूल आरंभापासूनच विश्वासात वाढू शकते. घरातील हवाच त्याला वाढवते. त्यांच्यावर एवढी टीका झाली की प्रकाशकांनी पुस्तक मागे घेतले. १८६१ साली ते वाढवून पुन्हा निघाले. बुशनेल यांचे आम्हांस पटणारे म्हणणे हे की, मूल आपल्या उपदेशापेक्षा आपल्या घरच्या वागण्यातून अधिक घेते. परंतु त्यांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. ज्या मुलाने विश्वास श्वासासारखा घेतला, त्याने तो कधी स्वतः निवडला काय? आणि न निवडलेला विश्वास पहिल्या मोठ्या दुःखात टिकेल काय?

या ठिकाणी आम्हांस पंडिता रमाबाईंची आठवण होते. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे झाला, आणि त्यांच्याबरोबरच त्यांच्या दोन वर्षांच्या मुलीचा, मनोरमेचाही झाला. पुढे या मुलीच्या धर्मशिक्षणावरून रमाबाई आणि त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्यात तीव्र मतभेद झाला. त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली मुंबईस छापून प्रसिद्ध झाला आहे. त्यात एक आई आपल्या प्रेमळ पण आग्रही हितचिंतकांपुढे ठामपणे उभी राहिलेली दिसते. जी मते आपल्या स्वतःच्या विवेकाला अजून पटलेली नाहीत ती आपल्या मुलीच्या मनात भरली जाऊ नयेत, असे तिचे म्हणणे. रमाबाईंची सर्वच मते आपणांस मान्य होतील असे नाही. त्यांची स्वतःचीही पुढे पुष्कळ बदलली. पण जे आपल्याला खरे वाटत नाही ते मुलाला खरे म्हणून सांगावयाचे नाही, एवढी शिस्त त्यांनी पाळली. आमच्या वर्गात आम्ही ती पाळली नव्हती. देवाने आजीला प्रीतीमुळे नेले हे आम्हांला ठाऊक नव्हते. प्रश्न लवकर मिटावा म्हणून आम्ही ते बोललो होतो.

रमाबाईंच्या चरित्रातील दुसरी गोष्ट याहून अधिक बोलकी आहे. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढील वर्षी ते पुण्यास नेले. तेथे हिंदू मुलींवर धर्माची सक्ती करावयाची नाही असे ठरलेले होते. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेबरोबर शास्त्र वाचीत, प्रार्थना करीत. दार त्या उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. १८९३ साली यावरून मोठे वादळ उठले आणि रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले. त्यांच्या दृष्टीने दार उघडे ठेवणे हाच एक प्रकारचा ओढा होता. लहान, निराधार मुली; त्यांना अन्न आणि आसरा देणारी बाई; ती जे प्रेमाने करते ते त्यांनाही करावेसे वाटणारच. ही शंका केवळ द्वेषाची म्हणून झटकून टाकता येत नाही. मुलांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाच्या हातात अशी सत्ता असते आणि तिची जाणीव त्याला असली पाहिजे. पण रमाबाईंनी काय करावयास हवे होते? दार लावून घेतले असते, तर ज्यावर त्या जगत होत्या तेच लपवल्यासारखे झाले असते. मुलींना ओढून आत बसवले असते, तर दिलेला शब्द मोडला असता.

आम्हांस वाटते, आपल्या प्रश्नाचे उत्तर या उघड्या दारात आहे. उघडे दार दोन गोष्टी सांगते. आत जे चालले आहे ते खरे आहे, दाखवण्यासाठी मांडलेले नाही. आणि आत येणाऱ्याला बाहेर जाण्याचीही मोकळीक आहे. यांपैकी एक जरी गोष्ट नसेल तरी ते दार उघडे म्हणता येणार नाही. आपण घरी स्वतः प्रार्थना करीत नसू आणि मुलांना मात्र रविवारी पाठवीत असू, तर मुले एका रिकाम्या खोलीत डोकावतात. आणि प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आपण 'अविश्वासी' म्हणून गप्प करीत असू, तर आत आलेल्याच्या मागे आपण कडी घालतो.

आपल्या देशाच्या कायद्यातही हा विचार काही अंशी आलेला आहे. भारताच्या राज्यघटनेतील २८ वे कलम सांगते की, सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या, संमतीवाचून धर्मशिक्षणास बसवता येत नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालहक्कांचा करार केला. भारताने तो १९९२ साली स्वीकारला. त्यातील १४ वे कलम मुलाचे विचार, विवेक आणि धर्म यांचे स्वातंत्र्य मान्य करते, आणि आईबापांनी मुलाच्या वाढत्या समजुतीप्रमाणे त्याला मार्गदर्शन करावे असेही मानते. 'वाढत्या समजुतीप्रमाणे' ही कल्पना आपण ध्यानात घेण्यासारखी आहे. पाच वर्षांच्या मुलाचा हात धरून रस्ता ओलांडावा लागतो. पंधरा वर्षांच्या मुलाचा हात त्याच जोराने धरला तर तो हिसडा देऊन सोडवून घेतो.

जेम्स फाउलर या अभ्यासकाने १९८१ साली विश्वासाच्या अवस्थांविषयी ग्रंथ लिहिला. शाळकरी वयातील मूल गोष्टी अक्षरशः घेते, आणि देवाचा व्यवहार रोख देवाणघेवाणीसारखा समजते, असे त्याने दाखवले. चांगले वागलो तर चांगले मिळेल. मागितले तर दिले जाईल. हे वाचताना आम्हांला तो मुलगा आठवला. तो उद्धट नव्हता. आम्ही शिकवलेला हिशोब त्याने प्रामाणिकपणे करून पाहिला आणि तो जुळला नाही. दोष त्याच्या विश्वासात नव्हता, आमच्या हिशोबात होता.

शास्त्राकडे पाहिले तर तेथेही मुलाच्या प्रश्नाला किती मान आहे! निर्गमाच्या १२ व्या आणि अनुवादाच्या ६ व्या अध्यायात मुले विचारतील हे गृहीत धरले आहे; याचा अर्थ काय, असे ती विचारतील तेव्हा काय सांगावे हे बापाला आधीच सांगून ठेवले आहे. आणि बापाने सांगावयाचे ते काय? एखादा सिद्धांत नव्हे. आम्ही गुलाम होतो आणि देवाने आम्हांस बाहेर काढले, ही स्वतःची हकिकत. मंदिरात सापडलेला बारा वर्षांचा येशू गुरुजनांमध्ये बसून काय करीत होता, ते लूक दुसऱ्या अध्यायात सांगतो: तो ऐकत होता आणि प्रश्नही विचारीत होता. त्याने दिलेले उत्तर त्याच्या आईबापांस कळले नाही. तरी मरियेने ते टाकून न देता मनात जपून ठेवले. मुलाचे न समजलेले बोलणे जपून ठेवणे, हीसुद्धा धर्मशिक्षणाची एक रीत आहे.

परंतु शिक्षकांसाठी सर्वांत मोठा धडा १ शमुवेलाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. हाक ऐकून शमुवेल रात्री तीन वेळा एलीकडे धावत गेला. तिसऱ्या वेळी एलीला उमजले की मुलाला हाक मारणारा आपण नव्हे. त्याने मुलाला जवळ ठेवून घेतले नाही. देवाची वाणी मीच तुला समजावतो, असेही तो म्हणाला नाही. कसे उत्तर द्यावे एवढे त्याने शिकवले आणि त्याला परत अंधारात एकट्याला पाठवले. सकाळी मुलाने आणलेला निरोप एलीच्याच घराविरुद्ध होता. तो एलीने स्वतः आग्रह करून ऐकला आणि मानला. बंधुभगिनींनो, आपल्या शब्बाथ शाळेतून निघालेले एखादे मूल उद्या आपल्याविषयीच एखादी कडू पण खरी गोष्ट बोलले, तर ती ऐकून घेण्याची आपली तयारी आहे काय?

कोणी म्हणेल, "एवढी मोकळीक दिली आणि मूल दूर गेले तर?" ही भीती खरी आहे आणि तिला हसण्यासारखे काही नाही. आपल्या मंडळ्या लहान आहेत. एक कुटुंब बदली होऊन गेले तरी बाके रिकामी दिसतात. मूल गेले तर केवळ एक माणूस जात नाही. आजोबांनी कधी काळी मोठी किंमत देऊन घेतलेला निर्णय वाया गेल्यासारखा वाटतो. आम्हीही बाप आहोत. ही भीती आम्हांला परकी नाही. तरी लूकच्या १५ व्या अध्यायातील बाप आठवावा. धाकटा जाऊ लागला तेव्हा त्याने दरवाजाला कुलूप लावले नाही. त्याला घर आठवले ते त्या घरात जे त्याने पाहिले होते त्यामुळे: तेथे चाकरांनाही पोटभर मिळत होते. कोंडून ठेवलेल्या मुलाला परत येण्याजोगे घरच राहत नाही.

धीर धरण्याचे एक उदाहरण आपल्याच भाषेत आहे. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाईंचा झाला तो १९०० साली. पाच वर्षांच्या या अंतरात त्यांनी काय सोसले आणि जातिभेद माणसाने केलेला आहे हे त्यांना आपल्याच विचाराने कसे कळले, हे 'स्मृतिचित्रे' वाचणारांस ठाऊक आहे. तो विश्वास नवऱ्याचा म्हणून घेतलेला नव्हता. म्हणूनच तो त्यांच्या मागे उभा राहिला.

आपल्यापैकी काही मंडळ्या तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करतात, काही विश्वास कबूल केल्यावरच करतात. १९७० साली नागपूर येथे उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली तेव्हा तिने या दोन्ही रीतींना आपल्यात जागा दिली. दोहोंतही एक दिवस असा येतोच की मुलाने स्वतःच्या तोंडाने 'होय' म्हणावयाचे असते. पण ज्याला 'अजून नाही' म्हणता येत नाही, त्याच्या 'होय'ला किती वजन? दृढीकरणाच्या वर्गात बारा मुले असली आणि ठरलेल्या रविवारी बाराही उभी राहिली, तर आपण आनंद मानतो. त्यांतील एखादे, मी पुढच्या वर्षी उभा राहीन, असे म्हणाले तर त्याच्या आईबापांस खाली पाहावे लागू नये, एवढे तरी पंचमंडळीने आणि पाळकसाहेबांनी करावे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी आम्ही चार साध्या गोष्टी सुचवतो. पाठांतर असू द्यावे, पण वचन म्हणून झाल्यावर तेच मुलाला त्याच्या शाळेच्या भाषेत, आपल्या शब्दांत सांगावयास लावावे. मोडकेतोडके सांगितले तरी त्याचे कौतुक करावे. वर्गातील पाच मिनिटे केवळ मुलांच्या प्रश्नांसाठी ठेवावीत. ज्याचे उत्तर येत नाही तेथे 'मला माहीत नाही' असे स्पष्ट म्हणावे. याने शिक्षकाचा मान कमी होत नाही. आणि भीती दाखवून कोणाही मुलाकडून कबुली घेऊ नये. प्रभूने लेकरांस जवळ घेतले ते मार्कच्या १० व्या अध्यायात आपण वाचतो. तेथे त्याने रागावून बोलावे असे झाले ते मुलांमुळे नव्हे, त्यांना अडवणाऱ्या शिष्यांमुळे.

आता त्या मुलाविषयी. नाताळ होऊन गेल्यावर एक संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा ठेवला. आम्ही त्याला म्हणालो, "त्या दिवशी मी तुला जे सांगितले ते मला खरोखर ठाऊक नव्हते. मी उगाच सांगितले. माझे चुकले." तो बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले, "मग खरे काय आहे?" आम्ही म्हणालो, "आजी का गेली हे मला माहीत नाही. पण लाजराच्या कबरेपाशी येशू रडला होता, एवढे मला माहीत आहे. तुझी आजी गेली तेव्हा त्यालाही वाईट वाटले असेल, असा माझा विश्वास आहे." तो काही बोलला नाही. निघताना त्याने आमची चप्पल उचलून दारापाशी सरळ करून ठेवली.

आज तो कॉलेजात आहे. सुटीत घरी आला की उपासनेला येतो आणि मागच्या बाकावर बसतो. गीत म्हणतो की नाही हे पुढून दिसत नाही. त्याचा विश्वास किती आहे हे आम्ही त्याला विचारलेले नाही. पण मागील वर्षी त्याच्या आईचे ऑपरेशन होते, त्याच्या आदल्या रात्री त्याचा आम्हांला फोन आला. तो म्हणाला, "सर, आईसाठी प्रार्थना कराल का?" आणि थोडे थांबून म्हणाला, "मीही करतोय."

मुलांचा विश्वास आपला नसतो. तो देवाचा आणि त्यांचा असतो. आपल्याकडे दार उघडे ठेवण्याचे काम दिलेले आहे. ते खरेपणाने करण्याची बुद्धी प्रभूने आपणां सर्वांस द्यावी.